खाट नंबर एकवीस

टायपिस्टबाई नेहमीसारख्याच साडेनऊला घराबाहेर पडायच्या तयारीत होत्या. पिशवीत डबा, चष्म्याचं घर, पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड आणि गंजक्या टाचण्या उपसायला एक बोथट सुरी. शाळेच्या कचेरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्ली त्यांना टायपिस्टबाईच म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. त्यांची आई चौऱ्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. कूस बदलायलाही माणूस लागायचं. म्हणून बाई कामाला गेल्या की शेजारीण येऊन बसायची. जगाच्या भानगडीत नाक खुपसणारी, पण वेळेला धावून येणारी.

"आज काय सापडणार?" शेजारणीने विचारलं.

"धूळ. आणि उंदरांच्या लेंड्या. ठेवू का थोड्या तुमच्यासाठी?"

"ठेवा की. एरवी तरी कुठे काय आणता!"

दोघी हसल्या. आईही आतून हसल्यासारखी वाटली.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक संस्था होती. छातीच्या दुखण्याची मुलं तिथे ठेवायचे, मोकळ्या हवेत, उन्हात, वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं. तीस खाटा. आता खाटा गेल्या, मुलं गेली, उरली ती कचेरी आणि कागदांनी भरलेली एकोणीस कपाटं. संस्थेला पंचाहत्तर वर्षं होणार होती. त्याआधी सगळं दप्तर लावून, प्रत्येक कागदाचा फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं होतं. संस्थापकांचा नातू आता सेक्रेटरी होता. तो स्वतः बाईंच्या घरी आला होता.

"तुमच्याशिवाय कोण करणार हे काम? तुम्ही तर आमच्याच!"

खोटं नव्हतं ते. बाई तीन वर्षांच्या असताना त्यांच्या आईने त्यांना तिथे ठेवलं होतं. पाचव्या वर्षी बऱ्या होऊन घरी आल्या. खाट नंबर एकवीस. शाळेत कुणाचं पोर खोकलं की बाई छाती पुढे काढून सांगायच्या, "माझ्याकडे बघ. मी तिथे बरी झाले." चाळीस वर्षं हे सांगितलं त्यांनी. उपकाराची भाषा किती गोड लागते जिभेला! म्हणून आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट राग यावा अशी आहे. भीती नंतर येते.

काम पूर्वीच्या एक्स-रेच्या खोलीत चालायचं. खिडक्यांना अजून काळा कागद चिकटवलेला. भर दुपारी दार लावलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. मधे काचेचं टेबल, त्याच्यावर टांगलेला कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे. कागद ब्रशने झाडायचा, टाचणी उपसायची, काचेवर सपाट करायचा आणि पायाखालचा खटका दाबायचा. दिवे लख्खकन पेटायचे, विझायचे, आणि कागद पडद्यावर यायचा. मग नंबर, नाव, तारीख टाइप करायची. कागद गोणीत. गोण्या आठवड्याने लगद्याच्या कारखान्यात.

"मूळ कागद ठेवायचे नाहीत?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कागद गेला की वाळवी गेली," सेक्रेटरी म्हणाले होते. "आणि हे बघा, एक नंबर आणि एक नाव म्हणजे एक मूल. मशीन विचारेल, 'हा नंबर, हे नाव आधीच आहे, एकत्र करू का?' हो म्हणायचं. जुने कारकून गचाळ होते."

पहिल्या आठवड्यातच बाईंना स्वतःचा दाखल-कागद सापडला. खाट एकवीस. त्यांचं नाव. आईचं नाव, आईची वेडीवाकडी सही. आणि खाली, 'ओळखीची खूण: उजव्या पायाला सहा बोटं.'

बाईंनी चप्पल काढून पाय दिव्याखाली धरला. पाचच.

गोण्या उचलायला आलेले शिपाईमामा दारातून बघत होते. सत्तरीचे असतील. संस्थेतच वाढलेले, संस्थेतच म्हातारे झालेले. "बाई, काय हरवलं?"

"सहावं बोट, मामा. तुमच्या कारकुनाने मला एक बोट जास्तीचं दिलंय."

"नीट बघा. मुडपून बसलं असेल थंडीने."

हसता हसता बाईंनी पुढचा कागद घेतला. पुन्हा एकवीस. पुन्हा त्यांचंच नाव. तारीख चार महिन्यांनंतरची. पालकाच्या जागी नुसती रेघ, खुणेच्या जागी 'नाही'. नक्कल असेल, गचाळपणा असेल, असं त्यांना वाटलं. मशीनने विचारलं, 'एकत्र करू?' बाईंनी हो म्हटलं. चार नंबरच्या खाटेचे चार कागद होते, नऊ नंबरचे तीन, सतरा नंबरचे पाच. नाव एकच, तारखा वेगळ्या. बाईंचा हात टंकलेखनाचा. एकदा लय लागली की डोकं लागत नाही. त्या आठवड्यात त्यांनी चौसष्ट कागद असे एकात एक घातले. नीटनेटकं काम झाल्याचं समाधान घेऊन घरी गेल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खोकला ऐकू आला.

दिवे लख्खकन पेटून विझले, आणि विझल्यावर जो काळोख डोळ्यांत उरतो ना हिरवट, त्यात कुणीतरी खोकलं. लहान, कोरडा, आवरून धरलेला खोकला. मोठ्यांदा खोकलं तर कुणी ओरडेल असा.

"मामा?"

मामा बाहेर अंगणात गोण्या शिवत होते. बाईंनी खटका पुन्हा दाबला. उजेड. काळोख. खोकला. आता टेबलाच्या खालून. आणि वास आला… माशाच्या तेलाचा. पंचावन्न वर्षांत बाईंनी तो वास घेतला नव्हता, पण जिभेच्या मुळाशी चमचा टेकल्यासारखा त्यांना उमासा आला. रोज सकाळी रांगेत उभं करून प्रत्येकाच्या तोंडात तो चमचा घालायचे. नाक दाबून.

बाई घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. शाळेच्या कचेरीत तीन मुख्याध्यापक पचवले होते त्यांनी. दार उघडलं, पाणी प्याल्या, परत येऊन बसल्या. त्या दिवशी वार्षिक फोटोंची पेटी काढायची होती.

दर वर्षी संस्थेच्या पायऱ्यांवर सगळ्या मुलांचा एक फोटो काढायचे. तीस मुलं, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली, पाटीवर खाटेचा नंबर. कारण प्रत्येक खाटेला एक दाता होता. एका खाटेला एक दाता, एका दात्याला एक मूल. दर वर्षी दात्याला फोटो जायचा आणि पत्र जायचं. 'आपली अमुक आता पळू लागली. आपला तमुक आपल्याला नमस्कार सांगतो.' आणि दर वर्षीच्या अहवालात पहिलंच वाक्य, 'यंदाही एकही बालक दगावले नाही.' पंचवीस अहवाल बाईंनी चढवले होते, पंचवीस वेळा तेच वाक्य. ऊर भरून आला होता त्यांचा.

त्यांच्या वर्षाचा फोटो त्यांनी काचेवर ठेवला. तिसऱ्या पायरीवर त्या स्वतः, कपाळावर तिरका भांग, एकवीस नंबरची पाटी. खटका दाबला. पडद्यावर फोटो आला. माहितीत मुलांची संख्या घालायची म्हणून बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने मोजलं.

एकतीस.

परत मोजलं. एकतीस. काचेवरचा कागद मोजला. तीस. पडदा, एकतीस.

एकवीस नंबरच्या मागे एक मुलगी उभी होती. गळ्यात पाटी नाही. चेहरा पुढच्या मुलीच्या केसांआडून अर्धाच दिसत होता, पण त्या अर्ध्यातही राग मावत नव्हता. भुवया आवळलेल्या, खालचा ओठ दातांत धरलेला. आणि दोन्ही हात पुढे केलेले. एकवीस नंबरच्या गळ्यातल्या दोरीकडे.

बाईंनी फोटो पुन्हा काढला. हात दोरीच्या जवळ आले होते. तिसऱ्यांदा काढला. बोटं दोरीला लागली होती. चौथ्यांदा काढायची हिंमत झाली नाही. स्वतःच्या मानेवरून हात फिरवला तर तिथे बारीक काचल्यासारखं लागलं.

सेक्रेटरींना बोलावलं. ते आले, वाकून पाहिलं, मोजलं. त्यांनाही एकतीसच दिसली. क्षणभर चेहरा उतरला, पण माणूस व्यासपीठावर वाढलेला. लगेच सावरला.

"जुन्या कॅमेऱ्यात व्हायचं असं. एकावर एक फोटो पडायचा. कापून टाका ती."

"मधे आहे. कापणार कुठून?"

"मग पुसून काढू. पोरं करतात हल्ली. हा फोटो मोठा करून लावायचाय, बाई, समारंभात. खाली तुम्ही उभ्या राहणार. 'तेव्हाची ती, आताची ही.' टाळ्या किती पडतील!"

"ही कोण पण?"

"कुणी नाही," सेक्रेटरी म्हणाले. आणि निघून गेले.

माणूस 'माहीत नाही' म्हणाला असता तर बाई कदाचित गप्प बसल्या असत्या. 'कुणी नाही' म्हणाला तिथे चुकला. कचेरीत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला हे दोन शब्द वेगळे ओळखता येतात.

अठराव्या कपाटाला कुलूप होतं. "त्याची किल्ली हरवली," असं सेक्रेटरी म्हणत आले होते. बाईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी जमिनीकडे पाहिलं.

"मामा, किल्ली कुठंय?"

"हरवलीय म्हणतात."

"म्हणतात ते मी ऐकलं. कुठंय?"

 मामांनी कंबरेच्या जुडग्यातली एक किल्ली वेगळी काढून टेबलावर ठेवली. "मी दिली म्हणू नका… आणि एक करा, बाई. दार उघडं ठेवून वाचा. त्यांना अंधार आवडायचा नाही."

"कुणाला?"

मामा अंगणात निघून गेले होते.

कपाटात मेट्रनच्या वह्या होत्या. मुलांच्या वॉर्डवर राज्य करायची ती बाई, रोज दोन ओळी लिहायची. तापमान, औषध, कोण जेवलं नाही. सुरेख अक्षर. टायपिस्टबाईंनी आपलं वर्ष काढलं. आपल्या दाखल-कागदाची तारीख काढली. 'एकवीस रडते. आईकडे जायचं म्हणते.' 'एकवीस रडते.' 'एकवीसला ताप. भेट बंद, भेटीने ताप वाढतो.' 'एकवीस खोकते, इतर मुलं झोपत नाहीत. एक्स-रेच्या खोलीत हलवली.'

बाईंनी वहीवरून डोळे उचलून त्या खोलीच्या काळ्या खिडक्यांकडे पाहिलं.

'एकवीस दार वाजवते. हट्टी आहे. उघडू नये.' 'एकवीस दार वाजवते.' 'एकवीस शांत.'

आणि मग, चार महिन्यांनी आलेल्या त्या दुसऱ्या कागदाच्या तारखेला, त्याच सुरेख अक्षरात, एका ओळीत, 'पहाटे एकवीस गेली. दुपारी एकवीस आली.'

एवढंच. जसं दूध संपलं, दूध आणलं.

बाईंनी ती ओळ किती वेळा वाचली देव जाणे. मग दुसऱ्या वह्या काढल्या. 'चार गेला. चार आला.' 'सतरा गेली. तीन दिवस खाट रिकामी. दात्याचे पत्र आले. सतरा आली.' नाव तेच द्यायचे. पाटी तीच. दात्याला आपलं मूल दर वर्षी फोटोत हवं, तर ते मूल मरून कसं चालेल? फाटकाशी सोडून दिलेली, कुणाची नसलेली, वयाला जुळेल अशी पोरं आणायची आणि मेलेल्याच्या खाटेत, मेलेल्याच्या नावात घालायची. एकही बालक दगावले नाही! कसं दगावणार? दगावायला माणूस तर असायला हवं. इथे होत्या फक्त खाटा.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते बाईंना त्या दिवशी कळलं. शेवटी आठवलं त्यांना, की चौसष्ट कागद आपणच एकत्र केले. मेट्रनने लपवलं होतं, पण निदान कागद वेगळे ठेवले होते. ते शेवटचं काम टायपिस्टबाईंनी केलं. नीटनेटकं. आणि त्यातल्या एका कागदावर सहा बोटं होती, त्यावर त्या हसल्या होत्या.

बाहेर ट्रकचा आवाज आला. गोण्या न्यायला आला होता.

बाई धावल्या. साठीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण ट्रकच्या फळीवरून तिने गोणी खाली ओढली. "उतरवा!" ड्रायव्हरवर ओरडल्या, "सगळ्या उतरवा!" मामांनी काही न विचारता गोण्यांची शिवण सुरीने फाडली. अंगणभर कागद झाला. गोंधळ ऐकून सेक्रेटरी धावत आले तेव्हा बाई मातीत बसून एकेक कागद छातीशी गोळा करत होत्या.

"हा काय प्रकार आहे?"

बाईंनी वही त्यांच्या तोंडासमोर धरली. "वाचा."

त्यांनी वाचलं नाही. म्हणजे त्यांना ते पाठ असणार.

"आत चला, बाई. लोकांसमोर नको."

आत गेल्यावर आवाज मऊ झाला. "जुन्या गोष्टी आहेत. मुलं दुखणाईत होती, तशीही गेलीच असती. आजोबांनी खाटा चालू ठेवल्या म्हणून शेकडो वाचली. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मुठीत पोरं आहेत तुमच्या. उघडा."

"तुम्ही बोलताय हे?" आता ते चिडले. "तुम्ही? फाटकाशी टाकलेली पोर होतात तुम्ही! आम्ही तुम्हाला नाव दिलं, घर दिलं, आई दिली. आयती! दुसरी असती तर पाय धरले असते."

बाईंचे शब्द सरळ आले. "माझ्या आईची पोर तुम्ही या खोलीत कोंडून मारली. आणि तिच्या जागी मला दिलीत. आई दिली म्हणता? तिची चोरली, ती मला दिली. चोराच्या हातचं खाऊन चाळीस वर्षं तुमचे गोडवे गायले मी. तुमच्या समारंभात आता मी बोलणारच आहे, साहेब. मोठा करा तो फोटो. चांगला भिंतीएवढा करा."

"मी सगळं पुसून टाकीन. एका बटणाचं काम आहे."

"पुसा," बाई म्हणाल्या. "आधी मोजून घ्या, म्हणजे किती पुसली ते कळेल."

आणि त्यांनी पायाखालचा खटका दाबला.

फोटो अजून काचेवरच होता. दिवे पेटले, विझले. पडद्यावर पायऱ्या आल्या, पण पायऱ्या दिसतच नव्हत्या. मुलं होती. पायऱ्यांवर, कठड्यावर, खिडक्यांत, एकमेकांच्या खांद्यांमागे, पाटी नसलेली, केस कापलेली मुलं. फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. ही बघत नव्हती. सगळ्यांच्या माना एका बाजूला वळलेल्या होत्या, टेबलाच्या डाव्या हाताला. जिथे सेक्रेटरी उभे होते तिथे.

ते एक पाऊल उजवीकडे सरकले.

"बंद करा… बाई… बंद करा ते… बघताहेत…"

"बघू देत. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं."

सेक्रेटरी दाराकडे वळले. दार उघडंच होतं, बाईंना ते उघडं दिसत होतं, पण तो माणूस उघड्या दारात उभा राहून दोन्ही तळव्यांनी हवेवर थापा मारत होता. लाकडावर माराव्यात तशा. आवाजही लाकडाचाच येत होता. "उघडा… कुणीतरी उघडा…" मामांनी बाहेरून हात धरून ओढलं तेव्हा तो अंगणात कोसळला आणि लहान मुलासारखा रडू लागला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दया यायला हवी होती म्हणे. नाही आली.

बाई पडद्यावर एकवीस नंबर शोधत होत्या. तिसरी पायरी. तिरका भांग. पण त्या लहान बाईंच्या गळ्यात आता पाटी नव्हती. आणि मागची ती रागीट मुलगी कुठेच नव्हती. सगळी मुलं होती. तीच नव्हती.

बाईंनी खुर्ची ओढली आणि संध्याकाळपर्यंत टाइप केलं. चौसष्ट कागद परत वेगळे केले. मेलं ते मूल वेगळं, आलं ते वेगळं. मृत्यूची तारीख, खोली, जे मेट्रनने लिहिलं ते शब्दन् शब्द. सेक्रेटरींना पुसता येऊ नये म्हणून सगळं शाळेच्या जुन्या पत्त्यांवर, वर्तमानपत्रांकडे, जिथे जिथे पाठवता येईल तिथे पाठवलं. सगळ्यात शेवटी एकवीस. पहिल्या मुलीपुढे तिचं नाव लिहिलं, पूर्ण, आईच्या नावासकट. दुसऱ्या मुलीच्या नावाच्या चौकटीत बोटं थांबली. मग त्यांनी लिहिलं, 'माहीत नाही.'

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारणीने त्यांचं तोंड पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न विचारता उठली. "आज आई दुपारपासून फार बोलतेय," एवढंच म्हणाली. "माझ्याशी नाही."

बाई आईच्या उशाशी बसल्या. दाखल-कागद पुढे धरला. आईने तो वाचला नाही, नुसतं सहीवरून बोट फिरवलं.

"सहा बोटं होती," आई म्हणाली. "माहितेय मला."

"माहीत होतं? आई, पंचावन्न वर्षं!"

"मेट्रनने तुला पुढे ढकललं. म्हणाली, हीच ती, हवा बदलली की रूप बदलतं. मी तुझ्या पायांकडे बघितलं. तू माझं बोट धरलंस आणि म्हणालीस, 'घरी.' मेट्रन म्हणाली, न्यायची तर सही करा, नाहीतर हिलाही ठेवते." आईचा श्वास लागला. "मी तेव्हा ओरडायला हवं होतं. ते घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. मी सही केली. तुला घेऊन खाली मान घालून चालत आले. मागून दार वाजल्याचा आवाज येत होता, तरी."

"ती तेव्हा गेली होती, आई. दीड वर्ष झालं होतं."

"तरी येत होता."

बाईंना ओरडायचं होतं. कुणावर, ते कळेना. उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखर ओट्यावर सांडली. तेवढ्यात आईने आतून हाक मारली. नावाने. गेली पंचावन्न वर्षं जी हाक ऐकून बाई हातातलं काम टाकून उठत होत्या, तीच.

बाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी आतून कुणीतरी "ओ" दिली.

फुरंगटलेल्या पोराची "ओ". किती वेळ लावलास, असं म्हणणारी.

बाई दारापर्यंत आल्या. आई भिंतीकडे सरकून झोपली होती, पलंगाची अर्धी जागा मोकळी सोडून. एक हात पांघरुणाच्या उंचवट्यावर हळूहळू थोपटत होता. "रागावू नकोस… रागावू नकोस गं… आता कुठे नाही पाठवणार…"

"आई," बाई म्हणाल्या.

आईने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहतात तसं, थोडं संकोचून, अदबीने.

"दार ओढून घ्या हं, बाई. मुलीला उजेड लागतोय."

बाईंनी दार ओढलं. दुसरं काय करणार? त्या तिथेच उभ्या राहिल्या, कपाळ दाराला टेकून. आत दोन आवाज हळू बोलत होते. मग फरशीवर अनवाणी पावलं वाजली, छोटी, घाईची, दाराकडे येणारी. आणि आतून कडी लागली.